कागदाचे पैसे

पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर म्हटलं की लोकांना वेदांची भाषांतरं आठवतात, औंधचं आणि नंतर पारडीचं स्वाध्याय मंडळ आठवतं, शंभरी गाठल्यावर १९६८ साली मिळालेलं पद्मभूषण आठवतं. मला आठवतो तो सावंतवाडीजवळच्या कोलगावचा मुलगा. १८६७ साली वैदिकाच्या घरात जन्मलेला, मंत्र पाठ करता करता चित्रं काढणारा. माझ्या धंद्याची वंशावळ मांडायची झाली तर पहिलं नाव मी त्याचं घालीन. त्याने कुणाचं घर सजवलं म्हणून नव्हे. सावंतवाडी म्हणजे आमची वाडी; त्या संस्थानात १८८०च्या दशकात कलाकौशल्याची एक शाळा निघाली होती, वेस्ट्रॉप नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या पुढाकाराने. त्या शाळेत हा भटजींचा मुलगा जाऊन बसला. तिथून पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला, मेयो पदक मिळवलं, हैदराबादेत आणि लाहोरात चित्रकार म्हणून पोट भरलं. वेद पुढे आले.

भटजीच्या पोराने हातात ब्रश धरायचा ही त्या काळी केवढी उलथापालथ होती ते आज कळत नाही. त्याआधी वाडीत रंग हाताळायचा तो चिताऱ्याने, लाकूड सुताराने, माती कुंभाराने. ज्ञान घराघरांत वाटलेलं होतं आणि ते घराबाहेर जात नव्हतं. शाळेने पहिल्यांदा सांगितलं, की हे शिकवता येतं. कुणालाही.

मी कुडाळात घरांची आतली कामं करते. इंटिरियर डिझायनर अशी पाटी आहे. पाटी लावून बरीच वर्षं झाली, तरी पहिल्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो आणि तो विचारणारा माणूस कंजूष असतोच असं नाही. मालवणच्या एका आजोबांनी तो सर्वांत सरळ विचारला होता. "कागदाचे कसले पैशे गो बाय? लाकडाचे देतंय, मजुरी देतंय. कागद तर तू घराकडे बसान काढलंस." राग यायला हवा होता, पण मला वाटलं, हा माणूस दोनशे वर्षांचा हिशोब बोलतोय. तो हिशोब समजून घ्यायचा तर आधी त्याचंच घर बघायला हवं.

मालवणी घर बाहेरून आत वाचत जायचं असतं. आधी खळं, शेणाने सारवलेलं, भात मळायला आणि लग्नाचा मांडव घालायलाही. मग पडवी आणि लोटा, जिथे परका माणूस बसतो. मग माजघर, देवखोली, बाळंतिणीची खोली, मागे वळई आणि रांधपाची जागा, आणि मागील दाराशी विहिरीकडची वाट. भिंती जांभ्या चिऱ्याच्या किंवा मातीच्या, वर नळे, म्हणजे अर्धगोल कौलं. या पट्टीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो, आणि तो सरळ पडत नाही, समुद्राकडून आडवा मारतो. म्हणून पडवीचं छप्पर इतकं खाली ओढलेलं, की उंच माणसाने वाकूनच आत यावं. मृगाच्या आधी चुडतांची झापं विणून पश्चिमेच्या बाजूने बांधायची. आत अंधार असायचा हे खरं. पण तो अंधार गार होता, आणि घरातल्या माणसांचा दिवस मुख्यतः पडवीत आणि खळ्यात जायचा. कुठली खोली कुणासाठी, कुठवर परका येणार, बाळंतीण कुठल्या दाराने बाहेर पडणार, सगळं ठरलेलं. हे आपोआप ठरत नाही. कुणीतरी ते शिकलेलं असतं.

ते शिकणारा एक म्हणजे सुतार. माझे आजोबा सुतार होते, आचऱ्याकडचे. पोरगा सात-आठ वर्षांचा झाला की त्याला कामावर न्यायचा, पण लाकडाला हात लावू द्यायचा नाही. आधी धार. रंधा, पटाशी, वाकस यांना धार लावण्यात पोराची दोन-तीन वर्षं जायची. मग करवत ओढणं, मग गुण्या धरणं, मग सुताने रेघ मारणं. माप तसूत चालायचं. चोवीस तसूंचा एक गज. फणसाचं लाकूड देव्हाऱ्याला आणि खांबांना, सागवान परवडला तर चौकटीला, वाशांना जुना माड. लाकूड काळोख्या पंधरवड्यात तोडायचं असा दंडक, आणि मग व्हाळात किंवा खाडीच्या पाण्यात महिनोन् महिने बुडवून ठेवायचं, म्हणजे कीड धरत नाही. पंधरवड्याचं मला माहीत नाही, पण पाण्याचं खरं आहे. लाकडातला किडीला आवडणारा गोड अंश पाण्यात निघून जातो. खण किती घ्यायचा, म्हणजे दोन खांबांमध्ये किती अंतर ठेवायचं, हे तुळईची जाडी बघून आजोबा तोंडी सांगायचे. कागद नव्हता. सगळा नकाशा डोक्यात, आणि फार तर सारवलेल्या जमिनीवर खडूने.

दहा-बारा वर्षांचं हे शिक्षण होतं. आजच्या कुठल्याही पदविकेपेक्षा लांब. त्याची फी नव्हती, प्रमाणपत्र नव्हतं, आणि त्याचं दार एकाच माणसाला उघडं होतं, सुताराच्या मुलग्याला. माझ्या आजोबांनी मला मांडीवर बसवून रंध्याच्या सालींची फुलं करून दिली, पण पटाशी हातात दिली नाही. जुन्या कारागिरीचे गोडवे गाणारे लेख वाचले की मला हे आठवतं. ती विद्या उत्तम होती आणि तिची कवाडं बंद होती. दोन्ही वाक्यं एका दमात म्हणायला हवीत.

बायकांचं शिक्षण तर कुणी शिक्षण म्हणून मोजलंच नाही. जमीन करायची म्हणजे माती पसरून, पाणी मारून, चोपून, मग दगडाने घोटून, मग शेणाचा हात. उतार कुठे द्यायचा म्हणजे पाणी साचणार नाही हे हाताला कळावं लागतं. चूल घालणं त्याहून अवघड. तोंड वाऱ्याकडे आलं तर धूर घरभर, वैल जवळ घेतला तर दुसरं भांडं करपतं, लांब घेतला तर उकळत नाही. बसून हात पोचेल इतक्यावर पाटावरवंटा, डोक्यावर शिंकं, मागे उतरंड. चुलीवरच्या माळ्यावर बियाणं आणि कोकमं, धुराने टिकणारी. १९२६ साली मार्गारेट श्युट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन बाईने फ्रँकफुर्टच्या कामगार वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखलं. बाई किती पावलं चालते हे मोजून तिने ओटा, फडताळं, खिडकी सगळं सहा-साडेसहा चौरस मीटरमध्ये बसवलं, आणि तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली. वास्तुशास्त्राच्या पुस्तकांत तिचं नाव आहे, असायलाच हवं. आमच्या वळईतल्या चुली घालणाऱ्या बायका तिची पुस्तकं न वाचता तेच मोजत होत्या. फरक एवढाच, की तिने ते कागदावर उतरवलं. म्हणून ते एका घरातून दहा हजार घरांत जाऊ शकलं.

आता मालवणच्या त्या आजोबांच्या हिशोबाकडे येते. सुतार हा बलुतेदार. सुगीला त्याला भात मिळायचं, आणि त्या भाताच्या बदल्यात वर्षभर नांगर, दारं, पाळणे, तिरडीसुद्धा. नवीन घर बांधताना शिधा, धोतरजोडी, मुहूर्ताचा नारळ असं वरचं काही. या व्यवस्थेत विचार करण्याचे पैसे वेगळे काढायची सोयच नव्हती, कारण कशाचेच पैसे वेगळे नव्हते. पुढे रोख मजुरी आली तेव्हा लाकूड घनफुटावर गेलं, हात रोजावर गेला. डोक्याला दर लागलाच नाही. ते आधी भाताच्या टोपलीत होतं, टोपली गेली आणि तेही हिशोबातून निसटलं. माझ्या मते आमच्या धंद्याची सगळी रडकथा इथे सुरू होते. लोक कलेला मान देत नाहीत वगैरे बोलणं वरवरचं आहे. मान ते देतात. दर माहीत नाही.

हात आणि रंग या दोन्हींची इथे कधी कमतरता नव्हती. १८८० साली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा दहावा खंड रत्नागिरी आणि सावंतवाडीचा आहे. त्यात वाडीची लाखेची कामं, गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले पत्ते, वाळ्याचे नक्षीदार पंखे, विजयदुर्गकडच्या गव्याच्या शिंगांच्या वस्तू यांच्या नोंदी सापडतात. हा सगळा घरातला ऐवज. चितार आळी आजही वाडीत आहे. तिथे पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची फळं आणि खेळणी होतात. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाने लाख वितळून चढते, आणि केवड्याच्या पानाने दाबून तिला चकाकी आणतात. देवळांच्या आणि मोठ्या घरांच्या भिंतींवर कावी होती. शिंपल्यांचा चुना गुळाच्या पाण्यात मुरवून गिलावा करायचा, त्यावर लाल हुरमुंजीचा थर द्यायचा, आणि तो ओला असतानाच कोरून खालचा पांढरा उघडा करायचा. दक्षिण कोकणापासून गोव्यातून उत्तर कन्नडपर्यंत ही पद्धत होती; कृष्णानंद कामतांनी कर्नाटकातल्या कावीची चिकाटीने नोंद केली म्हणून निदान तिचं नाव उरलं. आमच्याकडे भिंतीचं चित्र वर्षातून एकदा, गणपतीच्या मागे. चतुर्थीच्या आधी रंगवणारा यायचा आणि लोट्याची ती एक भिंत रंगवून जायचा. कधी शंकर-पार्वती, कधी शेषशायी, आणि माझ्या लहानपणी एका वर्षी चक्क मुंबईची डबलडेकर. वर माटवी बांधायची, तीत नारळ, कवंडळं, रानातली फळं. वर्षभर त्या भिंतीकडे बघून लोट्यात बसणारा माणूस बोलायचा. खोलीला एक केंद्र लागतं हे मला कॉलेजात शिकवलं तेव्हा मनात म्हटलं, हे आम्हाला माहीत आहे.

मग कमी काय होतं? रेखाटन. सुताराच्या डोक्यातलं घर तो मेला की त्याच्याबरोबर जायचं. इंग्रजांना हे खुपलं ते काही आपल्या भल्यासाठी नव्हे. त्यांना सरकारी इमारतींसाठी नकाशा वाचू शकणारे स्वस्त हात हवे होते, आणि लंडन-पॅरिसच्या प्रदर्शनांत मांडायला हिंदी कारागिरी हवी होती. जमशेटजी जीजीभाईंच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं तेच मुळी कारागिरांना सुधारायचं म्हणून. १८६५ साली तिथे लॉकवुड किपलिंग आला, इमारतींवरचं शिल्पकाम शिकवायला. क्रॉफर्ड मार्केटवरचे देखावे त्याचे. १८९१ साली लॉर्ड रे यांच्या नावाच्या कार्यशाळा निघाल्या. तिथे लाकडावरचं कोरीवकाम, गालिचे, धातुकाम, मातीकाम शिकवलं जायचं. वाडीची शाळा हे त्याच वाऱ्याचं संस्थानी रूप. हेतू काहीही असो, परिणाम असा झाला, की कागदावर रेघ मारणं हे जातीतून सुटून परीक्षेत आलं. पुढे एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट हे दोन शब्द महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेत पोचले. स्थिरचित्र, स्मरणचित्र, भूमिती, अक्षरलेखन. माझ्यासारख्या कितीतरी मुलींच्या हातात सरकारी शिक्क्याची पहिली पेन्सिल या परीक्षांनी दिली. आणि या परीक्षा घेणाऱ्या कला संचालनालयाच्या खुर्चीवर १९६९ ते १९७५ कोण होतं? चित्रकार माधव सातवळेकर. त्या कोलगावच्या मुलाचा मुलगा.

मुंबईत दरम्यान बरंच घडत होतं. जे. जे.मध्ये वास्तुकला शिकवली जाऊ लागली, आणि क्लॉड बॅटली या इंग्रज प्राध्यापकाने विद्यार्थ्यांना जुने वाडे, देवळं, घरं टेप घेऊन मोजायला लावली. परक्याने येऊन आपल्याला आपली घरं मोजायला सांगावीत यात गंमत आहे, पण त्याने सांगितलं हे बरंच झालं. १९३७ साली वास्तुविशारदांच्या संस्थेने टाऊन हॉलमध्ये 'आयडियल होम' नावाचं प्रदर्शन भरवलं. सिमेंट, वीज, गोलाकार कोपऱ्यांचं फर्निचर, आधुनिक मोरी. मध्यमवर्गाने ते बघायला गर्दी केली. घराचा आतला भाग ही स्वतंत्र विचार करण्याची गोष्ट आहे हे मुंबईला तेव्हा जाहीरपणे दाखवलं गेलं.

त्या मुंबईत आमचा मालवणी माणूस गिरणगावातल्या दहा बाय दहाच्या खोलीत राहत होता. एका खोलीत पोटमाळा, मोरी, खाटेखाली ट्रंका, रात्री पुरुष गॅलरीत. जागा वापरण्याचं इतकं कसून शिक्षण जगातल्या कुठल्या शाळेने दिलं नसेल. आणि हाच चाकरमानी घराची नवी कल्पना गावी घेऊन आला. बोटीने. विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बोट लागायची. त्याच बंदरांत मंगलोरी कौलं उतरत. १८६५ साली बासेल मिशनच्या प्लेब्स्ट या जर्मन मिशनऱ्याने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, आणि गलबतांतून ती सपाट, खोबणीची, यंत्रावर दाबलेली कौलं सबंध किनाऱ्यावर पसरली. नळे दरवर्षी परतावे लागत. कौलांना ते लागत नाही. पण कौलांना रिपा ठरावीक अंतरावरच हव्यात. सुताराच्या डोळ्याच्या अंदाजाला कारखान्याच्या मापाने पहिल्यांदा वेसण घातली ती इथे. मग मुंबईची छापील लादी आली. भारत टाइल्सवाल्यांनी १९२२ साली स्वदेशीच्या भरात सिमेंटच्या लाद्या काढल्या होत्या. ज्याच्या लोट्यात तशी लादी, त्याचा भाऊ मुंबईत चांगल्या नोकरीला असं गाव समजायचं. लादी आली, चोपणं गेलं. चोपणाऱ्या बाईच्या हातातला उतारही गेला. आज माझ्या निम्म्या तक्रारी पाणी साचण्याच्या असतात.

वाडीच्या राजवाड्यातली गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण शिकवणं म्हणजे काय याचं तिच्याइतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही. विसाव्या शतकाच्या मध्याला गंजिफा जवळजवळ संपल्या होत्या. दशावतारी गंजिफेत १२० पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पानं. कापडाला चिंचोक्यांची खळ आणि खडू देऊन, घोटून, कापून, रंगवून, लाख देऊन एकेक पान व्हायचं. हे सगळं जाणणारा पुंडलिक चितारी हा वृद्ध कलावंत तेवढा उरला होता. शिवरामराजे भोंसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी त्याच्याकडून ते स्वतः शिकून घेतलं. सत्त्वशीलादेवी बडोद्याच्या गायकवाडांच्या घरातल्या, पण त्या खाली बसून रंग घोटायला शिकल्या. मग १९७०च्या दशकात दरबार हॉलमध्येच कार्यशाळा मांडली आणि गावातली मुलं-मुली भरती केली, कुठल्याही जातीची. गंजिफांबरोबर लाखकामाची टेबलं, पाट, चौरंग, पेट्या, पडदे-खांब तिथे रंगू लागले. २०१८ साली त्या गेल्या, तोवर त्यांच्या हाताखाली शिकून गेलेल्यांची एक पिढी तयार झालेली होती. मी एका कामासाठी चौरंग घ्यायला तिथे गेले तेव्हा एक मुलगी एकाच वेलबुट्टीचा सराव रद्दी कागदावर करत बसलेली होती. आधी कागद, मग लाकूड. आजोबांच्या उलट क्रम. पण धार लावण्याची दोन-तीन वर्षं तीच.

१९७२ हे साल आमच्या धंद्याच्या कपाळी लिहिलेलं आहे. त्या वर्षी संसदेने आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट केला. नोंदणी असल्याशिवाय कुणी स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घ्यायचं नाही, आणि शिक्षणाचा दर्जा ठरवायला परिषद. त्याच वर्षी मुंबईत इंटिरियर डिझायनर्सची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. एकाला कायदा मिळाला, दुसऱ्याला संघटना. आम्हाला कायदा आजवर मिळालेला नाही. अमेरिकेत अलाबामा राज्याने १९८२ साली इंटिरियर डिझायनर ही उपाधी कायद्याने राखून ठेवली, मग तिथल्या इतर काही राज्यांत तसं झालं आणि त्यावरून भांडणंही झाली. आपल्याकडे २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की १९७२चा कायदा आर्किटेक्ट हे नाव राखतो, काम नव्हे. म्हणजे नाव राखलेल्यांचंच काम मोकळं. आमचं तर नावही मोकळं. उद्या कुडाळच्या बाजारात कुणीही पाटी लावू शकतो, आणि लावतात.

मी सरकारमान्य पदविका घेतली ती मुंबईच्या एका पॉलिटेक्निकात. वडील म्हणाले होते, पडदे लावायला एवढी फी? शिकवलं काय ते सांगते. शरीराची मापं: ओटा तीस इंच की चौतीस हे बाईच्या कोपरावरून ठरतं. जिन्याच्या पायऱ्या एकसारख्या उंचीच्या, कारण पाय पहिल्या दोन पायऱ्यांत माप शिकतो आणि तिसरीत फसतो. विजेचा भार, पाण्याचा उतार, आग लागली तर कुठला पडदा किती वेगाने पेटतो. साहित्याची ओळख. अंदाजपत्रक आणि करार. आणि सगळ्यांत जास्त, रेखाटन. वरून, समोरून, कापून, आणि एकास एक मापात सांधा.

कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली. त्याच्या आदल्या वर्षी सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला होता. तारकर्ली, देवबाग, भोगवे, वायरी इकडे न्याहारी निवास निघाले. मी त्या सुमारास परत आले. पैसा आला तसं मुंबईचं फर्निचर आलं, आणि मुंबईचं फर्निचर इथल्या हवेसाठी केलेलं नसतं. समुद्रापासून दोन फर्लांगांवर लोखंडी बिजागरी पावसाळाभरात तांबारते. साधं प्लायवूड फुगतं. भारतीय मानकाप्रमाणे आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, जे बहात्तर तास उकळत्या पाण्यात ठेवूनही सुटता कामा नये. आयएस ३०३ मध्ये त्याहून हलके दर्जे. प्लायवर छापलेला हा आकडा बघून माल घ्यायचा, दुकानदार 'वॉटरप्रूफ' म्हणाला म्हणून नव्हे. हे ज्याला माहीत नाही त्याने कौलारू छपराखाली जिप्समचं छत ठोकलं, वर हवा खेळायला जागा ठेवली नाही, आणि एका निवासात दुसऱ्या पावसाळ्यात ते छत खाटेवर आलं. पर्यटक तेव्हा किल्ला बघायला गेले होते. काम कुणी केलं होतं हे सांगत नाही. ठेकेदार प्रामाणिक होता, शिकलेला नव्हता, आणि त्याला कागद देणारं कुणी नव्हतं.

अलीकडे उलट लाट आली आहे. सगळ्यांना जुनं मालवणी घर हवं. काँक्रीटच्या भिंतीला चिऱ्याच्या पातळ चकत्या चिकटवायच्या, खिडकी मात्र भिंतभर, पश्चिमेला, समुद्र दिसायला. पाऊस तिथूनच येतो हे सांगितलं की चेहरा पडतो. मी पडवी मागते. मालक म्हणतो, पडवीला चौरस फूट वाया जातात. मग आम्ही भांडतो. कधी मी जिंकते.

माझं बिल आता असं असतं: पहिली ओळ आराखडा आणि देखरेख, मग साहित्य, मग मजुरी. पहिली ओळ वेगळी लिहायची हे मी सोडत नाही. काही जण तिच्यावर काट मारून पाठवतात आणि तेवढी रक्कम लाकडाच्या ओळीत चढवून द्या म्हणतात. देणं मान्य, नाव मान्य नाही. मी परत पाठवते. माझे मिस्त्री मात्र बदलले. त्यांतले दोघे सुतारांच्या घरातले नाहीत, आयटीआयमधून आले. सगळ्यात जुना आहे तो माझ्याच भावकीतला, आजोबांच्या हाताखाली धार लावलेला, सत्तरीचा. पूर्वी तो माझा कागद घडी घालून खिशात ठेवायचा आणि डोळ्याने काम करायचा. आता कागदावर माझी सही आणि तारीख असल्याखेरीज तो पहिली करवत लावत नाही. मालकाने मधेच कपाट सहा इंच सरकवायला सांगितलं की तो कागद काढतो, सुतातलं माप बोटाने दाखवतो आणि म्हणतो, "बायक इचारा. ह्यां तिच्या नावावर आसा."